झिप कोड काय तुमचा?

माझ्या मुलीच्या बुटांना टाचेत लाल दिवे होते. पाऊल टेकलं की लुकलुकायचे. 2022 च्या ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा दुकानात हट्ट करून तिनं ते घेतले होते. दोन आठवड्यांनी वर्गाच्या बाईंचा निरोप आला की शाळेत दिव्यांचे बूट घालून पाठवू नका. मला वाटलं, मुलांचं वर्गात लक्ष उडत असेल. न्यायला गेले तेव्हा बाईंनी बाजूला घेऊन कारण सांगितलं. शाळेत लॉकडाऊनचा, म्हणजे बंदूकधारी शिरला तर लपून बसण्याचा, सराव होतो. दाराला आतून कुलूप, दिवे बंद, सगळी मुलं दारापासून लांबच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून, अगदी चिडीचूप. अंधारात कुणी पाय हलवला आणि बुटाचा दिवा लागला, तर दाराच्या काचेतून बाहेरच्या माणसाला दिसतो.

ते बूट अजून माझ्या कपाटात आहेत. कुणाला देऊन टाकायचा धीर झाला नाही.

मी मूळची सांगलीची. टेनेसी राज्याच्या राजधानीच्या, नॅशव्हिलच्या, दक्षिणेला एका उपनगरात राहते, इस्पितळांच्या बिलांचं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. हे शहर अमेरिकेत संगीतासाठी आणि मोठमोठ्या आरोग्य कंपन्यांसाठी ओळखलं जातं. 27 मार्च 2023 च्या सकाळी मी मीटिंगमध्ये होते. फोन एकसारखा थरथरायला लागला. ग्रीन हिल्स भागातल्या कव्हेनंट स्कूल या छोट्या, चर्चच्या शाळेत गोळीबार झाला होता. तीन मुलं आणि शाळेतली तीन मोठी माणसं गेली. तिन्ही मुलं नऊ वर्षांची. माझी मुलगीही तेव्हा नऊ वर्षांचीच होती.

रात्री सांगलीहून आईचा फोन आला. "तिला उद्या शाळेत पाठवू नकोस गं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी पाठवलं. नोकरी करणाऱ्या आईला दुसरा काय इलाज असतो?

पुढच्या काही दिवसांत पोलिसांनी सांगितलं की गोळीबार करणारी व्यक्ती 28 वर्षांची, त्याच शाळेची माजी विद्यार्थी होती. भावनिक आजारासाठी तिच्यावर डॉक्टरांचे उपचार चालू होते. तिनं पाच दुकानांतून सात बंदुका कायदेशीरपणे विकत घेतल्या होत्या आणि त्यांतल्या तीन घेऊन ती शाळेत शिरली. यातलं 'कायदेशीरपणे' हे माझ्या घरच्यांना पचेना. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, तो मागताना कारण द्यावं लागतं, पोलीस चौकशी होते, आणि कारण पटलं नाही तर परवाना मिळत नाही. म्हणजे बंदूक ही सरकारनं दिलेली सवलत आहे. अमेरिकेत 1791 च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीनं शस्त्र बाळगणं हा हक्क ठरला, आणि 2008 साली सर्वोच्च न्यायालयानं तो प्रत्येक माणसाचा वैयक्तिक हक्क असल्याचा निकाल दिला. त्यामुळे इथे सरकारला सांगावं लागतं की अमुक माणसाला बंदूक का देऊ नये. टेनेसीमध्ये तर 1 जुलै 2021 पासून 21 वर्षांवरच्या बहुतेक माणसांना पिस्तूल जवळ बाळगून फिरायला परवाना लागेनासा झाला.

तरी हातात काहीच नव्हतं असं नाही. ज्या माणसापासून त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे, त्याच्या बंदुका न्यायाधीशाच्या आदेशानं काही काळ काढून घ्यायच्या, असा कायदा अनेक राज्यांत आहे. त्याला इथे 'रेड फ्लॅग' म्हणतात. टेनेसीत तो नव्हता. फ्लोरिडात 14 फेब्रुवारी 2018 ला पार्कलंडच्या शाळेत 17 जण मारले गेले. तिथल्या विद्यार्थ्यांनी राजधानी गाठून आमदारांना गाठलं, आणि 9 मार्चला, म्हणजे चार आठवड्यांच्या आत, रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्कॉट यांनी या तरतुदीसह कायद्यावर सही केली. बंदूक विकत घेण्याचं वयही 21 केलं. टेनेसीतही रिपब्लिकनांचीच सत्ता आहे, म्हणून मला आशा होती.

ती आशा पहिल्या चोवीस तासांतच डळमळली. टेनेसीतूनच निवडून गेलेले वॉशिंग्टनमधले खासदार टिम बर्चेट पत्रकारांना म्हणाले की हे काही आपल्याला दुरुस्त करता यायचं नाही, गुन्हेगार ते गुन्हेगारच राहणार. तुमच्या मुलीसारख्या मुलांचं रक्षण कसं करायचं, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की आम्ही तिला घरीच शिकवतो. मी ते चित्रण तीन-चार वेळा पाहिलं. माणूस शांतपणे बोलत होता, आवाजात द्वेष नव्हता. त्यानंच मला जास्त भीती वाटली.

त्या रात्री मी आयुष्यात पहिल्यांदा, विधिमंडळातल्या माझ्या लोकप्रतिनिधीला, फोन करायचं ठरवलं. मी नागरिक होऊन दीड वर्ष झालं होतं, एकदा मतदानही केलं होतं, पण फोन? सांगलीत आमचे बाबा गल्लीतल्या गटाराचं निवेदन घेऊन आमदारांच्या कार्यालयात जायचे, बाकावर तास-दोन तास बसायचे, चहा घेऊन परत यायचे. इथलं मला काही माहीत नव्हतं. सकाळी पार्किंगमध्ये गाडीत बसून नंबर लावला. एका तरुण मुलीनं उचलला. मी घाईघाईनं बोलायला लागले, तर तिनं अदबीनं थांबवलं आणि विचारलं, "झिप कोड काय तुमचा?"

हे मी आता सगळ्यांना सांगते. कार्यालयात फोन घेणारा माणूस आधी झिप कोडवरून, म्हणजे इथल्या पिन कोडवरून, तुम्ही त्या मतदारसंघातले आहात का ते पाहतो. नसाल तर तुमचं म्हणणं ऐकून घेतात, पण ते हिशेबात धरलं जात नाही. असाल तर नाव, पत्ता, विषय, बाजूनं की विरोधात, एवढं टिपून घेतात. दोन मिनिटांचं काम. भाषण द्यावं लागत नाही, इंग्रजी उच्चार साहेबी असावे लागत नाहीत. महिन्याभरानं मला पत्र आलं. दुसऱ्या घटनादुरुस्तीबद्दल आदर, शाळांना जादा पोलीस, दुःखी कुटुंबांसाठी प्रार्थना. रेड फ्लॅगबद्दल मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्यात नव्हतं. माझ्या शेजारणीला आलेलं पत्र शब्दन् शब्द तेच होतं.

पण तोवर शहर रस्त्यावर उतरलं होतं. 30 मार्चला हजारो विद्यार्थी आणि पालक टेकडीवरच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे विधानभवनात, जमले. त्याच दिवशी जस्टिन जोन्स, जस्टिन पिअरसन आणि ग्लोरिया जॉन्सन हे विधानसभेचे तीन डेमोक्रॅट सदस्य सभागृहात पुढे गेले आणि भोंग्यावरून घोषणा दिल्या. 99 सदस्यांच्या त्या सभागृहात रिपब्लिकन 75 होते आणि सदस्याला काढून टाकायला 66 मतं लागतात. 6 एप्रिलला जोन्स आणि पिअरसन या दोन तरुण कृष्णवर्णीय सदस्यांना काढून टाकलं. ग्लोरिया जॉन्सन या गोऱ्या बाई. त्यांच्या विरोधात 65 मतं पडली, त्या एका मतानं वाचल्या. सभागृहाचे नियम तिघांनी मोडले, हे खरं आहे. पण मुलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांत ज्या सभागृहाला शिक्षेसाठी वेळ सापडला, त्याला बंदुकांवर चर्चा करायला वेळ नव्हता, हे मी माफ करू शकले नाही. आठवडाभरात दोघांनाही त्यांच्या-त्यांच्या स्थानिक मंडळांनी परत पाठवलं आणि ऑगस्टमध्ये लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं.

18 एप्रिलचा मंगळवार मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. संध्याकाळी व्हँडरबिल्टच्या लहान मुलांच्या इस्पितळापासून कॅपिटॉलपर्यंत, सुमारे तीन मैल, लोकांनी हातात हात गुंफून साखळी केली. हजारो माणसं होती. मी ऑफिसमधून थेट गेले. माझ्या डाव्या हाताला एक सत्तरीचे गृहस्थ होते. शिकारी आहेत, घरात चार बंदुका आहेत, म्हणाले. "माझ्या बंदुका कुणी मागत नाहीये. आजारी माणसाच्या हातातली तेवढी काढा, इतकंच आहे." उजवीकडे इस्पितळाच्या गणवेशातली एक नर्स, ड्युटी संपवून आलेली. तिचा हात गार होता आणि ती काही बोलली नाही. आम्ही नुसते उभे होतो. आपल्याकडच्या मोर्चात असतो तसा ढोल, झेंडे, नेत्यांची गाडी, काही नाही. बाजूनं गाड्या जात होत्या, काहीजण हॉर्न वाजवून हात करत होते.

त्याच दिवशी राज्याच्या सिनेटनं एक विधेयक अखेरचं मंजूर केलं. बंदुका बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांवर खटले भरणं आणखी अवघड करणारं. घरी येऊन बातमी वाचली तेव्हा माझ्या हाताला त्या नर्सच्या हाताचा गारवा अजून जाणवत होता.

गव्हर्नर बिल ली यांच्याबद्दल मला न्यायानं बोललं पाहिजे. ते रिपब्लिकन आहेत, परवान्याशिवाय पिस्तूल बाळगण्याचा कायदा त्यांनीच आणला होता. तरी कव्हेनंटनंतर त्यांनी पार्श्वभूमी तपासणी कडक करण्याचा आदेश काढला आणि धोकादायक माणसाकडून बंदुका काढून घेण्याचा कायदा करा, अशी विधिमंडळाला विनंती केली. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या जनमत पाहणीत चारपैकी तीन लोक अशा कायद्याच्या बाजूनं होते. म्हणजे गव्हर्नर तयार, लोक तयार. आमदार तयार नव्हते. 21 एप्रिलला त्यांनी या प्रश्नाला हात न लावता अधिवेशन गुंडाळलं.

हे कसं शक्य होतं? मतदारसंघाची रेघ कुठून काढायची हे विधिमंडळच ठरवतं. 2022 मध्ये नॅशव्हिल शहराचे संसदेसाठी तीन तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा आजूबाजूच्या मोठ्या ग्रामीण भागाला जोडला. विधानसभेतही बहुतेक जागा कुठल्या तरी एका पक्षाच्या हक्काच्या. अशा जागेवर आमदाराला नोव्हेंबरच्या निवडणुकीची भीती नसते. भीती असते ती स्वतःच्या पक्षातल्या उमेदवारनिवडीच्या मतदानाची, आणि तिथे थोडेच, पण कट्टर लोक येतात. चारपैकी तीन लोकांचं मत पाहणीत राहतं आणि त्या थोड्यांचं मत कायद्यात उतरतं.

ऑगस्टमध्ये गव्हर्नरांनी खास अधिवेशन बोलावलं. कव्हेनंटच्या मुलांच्या आया रोज येऊन बसत होत्या. 22 तारखेला विधानसभेच्या एका उपसमितीच्या बैठकीत काही बायकांनी साधे कागद हातात धरले होते. त्यावर लिहिलं होतं: एक मूल, मग गणितातलं 'पेक्षा मोठे'चं चिन्ह, आणि पुढे 'सगळ्या बंदुका'. तिसरीतल्या मुलाला वाचता येईल असं वाक्य. विधानसभेनं त्याच आठवड्यात फलकांना बंदी करणारा नियम केला होता, म्हणून पोलिसांनी तिघींना बाहेर काढलं. त्या न्यायालयात गेल्या आणि न्यायाधीशांनी तो नियम तात्पुरता थांबवला. 29 ऑगस्टला अधिवेशन संपलं. हाती आलं ते बंदुकीची कुलपं फुकट वाटणं आणि गुन्ह्यांच्या नोंदी वेळेवर पाठवणं. बंदुकीवर बंधन एकही नाही.

आमच्या मराठी मंडळींत मी हा विषय काढला की शांतता पसरते. गणपतीच्या देवळात प्रसादाच्या रांगेत एका काकूंनी मला समजावलं, "आपण बाहेरची माणसं, आपण कशाला पडायचं यात?" काकू मायेनं बोलल्या. पण त्यांची नात माझ्या मुलीच्याच शाळेत आहे, त्याच कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसते. बाहेरची कशी?

अशा वेळी मी शॉन्डेल ब्रुक्स यांचं उदाहरण देते. 22 एप्रिल 2018 ला नॅशव्हिलच्या अँटिऑक भागात वॉफल हाउस या उपाहारगृहात गोळीबार झाला, चार तरुण गेले. त्यात त्यांचा मुलगा होता. मारेकऱ्याच्या बंदुका इलिनॉय राज्यात अधिकाऱ्यांनी जप्त केल्या होत्या, पण त्या वडिलांच्या ताब्यात दिल्या आणि वडिलांनी मुलाला परत केल्या. ही आई त्यानंतर वर्षानुवर्षं विधिमंडळाच्या दारात उभी राहिली. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये ती निवडून आली आणि आता आत बसते. विधानसभेत रिपब्लिकन अजूनही 75 आहेत.

त्याआधी, 2024 च्या एप्रिलमध्ये, त्याच सभागृहानं 68 विरुद्ध 28 मतांनी वेगळाच कायदा केला: शिक्षकांना वर्गात पिस्तूल लपवून बाळगता येईल. मुख्याध्यापकांची, शिक्षण संचालकांची आणि स्थानिक पोलिसांची संमती हवी, 40 तासांचं प्रशिक्षण हवं. वरच्या सज्ज्यातून लोक ओरडत होते की तुमचे हात रक्तानं माखलेत. नॅशव्हिलसह अनेक ठिकाणच्या शाळांनी आम्ही अशी संमती देणार नाही असं सांगितलं आहे. पण जिथे दिली जाईल, तिथे कुठल्या शिक्षकाकडे पिस्तूल आहे हे पालकांना कळवायचं नाही, असं कायद्यातच आहे. त्याच वर्षी शहरांनी आणि काउंट्यांनी स्वतःचे रेड फ्लॅग कायदे करू नयेत, असाही कायदा झाला. आणि 2025 च्या जानेवारीत अँटिऑकच्याच हायस्कूलमध्ये दुपारच्या जेवणाच्या वेळी 16 वर्षांची एक मुलगी गोळीला बळी पडली.

माझी मुलगी आता मोठ्या शाळेत आहे. मी दर अधिवेशनात फोन करते. तीच ती मुलगी आता फोन घेत नाही, दुसरं कुणीतरी घेतं, पण प्रश्न तोच असतो.

टेनेसीत राहणाऱ्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो, विधिमंडळ जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी सुरू होतं. मतदार म्हणून नाव निवडणुकीच्या 30 दिवस आधी नोंदवावं लागतं. ग्रीन कार्डावर असाल, मत देता येत नसेल, तरी फोन करता येतो. तुमच्या भागाचा प्रतिनिधी तुमचाही आहे. मत काहीही असो, माझ्याशी जुळो वा न जुळो, फोन करा. झिप कोड विचारतील, तो सांगा.