वर म्हणजे चर्चगेटकडे

रविवारच्या मेगाब्लॉकची सूचना ‘माटुंगा ते मुलुंड, अप जलद मार्ग’ अशा शब्दांत येते. ‘अप’ आणि ‘डाऊन’ ही इंग्रजीतली साधी क्रियाविशेषणे, वर आणि खाली. पण रेल्वेच्या ‘अप’चा नकाशाशी संबंध नाही, बोरिवली उत्तरेला असूनही तिथून चर्चगेटला येणारी लोकल अपच. उंचीशी तर मुळीच नाही. मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी कर्जत सोडल्यावर बोरघाट चढते, ती डाऊन. घाट उतरून येणारी मात्र अप. डेक्कन क्वीनही १२१२३ क्रमांकाने डाऊन जाते आणि १२१२४ क्रमांकाने अप येते.

हे ‘वर’ मानाचे आहे. इंग्लंडात रेल्वेच्याही आधी, घोडागाड्यांच्या काळापासून लंडनला जाणे म्हणजे ‘अप’ जाणे. रेल्वे कंपन्यांनी तोच शब्द उचलला. मिडलँड रेल्वेचे मुख्यालय डर्बीला, म्हणून तिच्या अप गाड्या डर्बीकडे धावत. सत्ता जिथे, तिथे वर. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सोडणारी जीआयपी आणि १८६७ मध्ये विरारहून लोकल सुरू करणारी बीबीसीआय, या दोन्ही रेल्वे कंपन्यांचा कारभार मुंबईतून चाले; इथली अप दिशा त्यामुळेच मुंबईकडची. मराठी माणूस वर-खाली ठरवतो ते जमिनीवरून. तो घाटावर जातो आणि कोकणात उतरतो. त्याच्या हिशेबाने पुण्याहून मुंबईला येणे हे खाली येणे. ‘अप-डाऊन करणे’ हा वाक्प्रचार त्याने आपलासा केला खरा, पण रोजची ये-जा एवढ्याच अर्थाने. दिशा त्यातून गळून गेली.

रूळ वळणे घेतात, पूर्व-पश्चिम सांगून भागत नाही, मोटरमन आणि सिग्नलवाल्यांना एकच पक्की खूण हवी, असे रेल्वेकडून सांगता येईल. ते खरेच आहे. त्यांच्या वेळापत्रकातून हे शब्द काढायचे कारण नाही. प्रवाशाची गरज वेगळी. अंधेरीच्या सीप्झमध्ये कामाला येणारा बोरिवलीकर अप येतो आणि दादरकर डाऊन. ‘वर’चे जुने केंद्र दोघांच्याही उपयोगाचे नाही. २०१४ पासून धावणाऱ्या मेट्रोच्या फलाटावर ‘वर्सोवाकडे’, ‘घाटकोपरकडे’ एवढे वाचले की काम होते. रेल्वेनेही ब्लॉकच्या सूचनांत ‘सीएसएमटीकडे जाणारा जलद मार्ग’, ‘कल्याणकडे जाणारा धीमा मार्ग’ असे सरळ लिहावे.