ऑफिसातल्या ताईंशी पटत नाही, मग काय करायचं?

मैत्रिणींनो, ग्रामसंघाचं ऑफिस म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या, वह्यांचं कपाट आणि काम करणाऱ्या पाच-सहा जणी. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, लिपिका, सीआरपी. काम सगळ्यांचं, पण स्वभाव प्रत्येकीचा वेगळा. कोणी तोडून बोलते, कोणी काम दुसरीवर ढकलते, कोणी इकडचं तिकडे सांगते.

शहरातल्या ऑफिसात नाही पटलं तर माणूस बदली मागू शकतो. आपल्याकडे शेजारच्या खुर्चीवर बसणारी बाई आपलीच जाऊ किंवा शेजारीण असते. ऑफिसातलं भांडण संध्याकाळी नळावर येतं आणि नळावरचं दुसऱ्या दिवशी ऑफिसात जातं. म्हणून बऱ्याच जणी गप्प बसतात आणि हळूहळू ऑफिसात येणंच बंद करतात. मग तिचं मानधन जातं आणि तिच्या गटाचा कर्जाचा प्रस्ताव कपाटात पडून राहतो. एकीच्या रुसव्याची किंमत दहा घरं मोजतात.

त्रास कशाचा आहे, हे आधी ओळखा. स्वभावाचा, व्यवहाराचा की छळाचा? तिन्हीला एकच औषध चालत नाही.

१. त्रास स्वभावाचा असेल तर

तिच्याशी स्वतः, एकटीने आणि लवकर बोला. मध्ये तिसरी नको आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर नकोच. जुनी यादी काढू नका, एकच प्रसंग सांगा. “तुम्ही नेहमी असंच करता,” म्हटलं की समोरची चिडणारच. त्याऐवजी असं सांगता येईल: “ताई, सोमवारी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात की मला हिशोब कळत नाही. मला वाईट वाटलं. माझं चुकलं तर बाजूला घेऊन सांगा, मी दुरुस्त करीन.”

मग तिचंही ऐकून घ्या. कधी तिच्यावर कामाचा बोजा असतो, कधी घरात आजारपण असतं. कामाची वाटणी ठरलेली नसली तरी कुरबुरी वाढतात. बँकेत कोण जाणार, इतिवृत्त कोण लिहिणार, कपाटाची चावी कोणाकडे, हे एका कागदावर लिहून भिंतीला लावा. “मीच का?” हा प्रश्न पुष्कळ कमी होतो.

२. त्रास व्यवहाराचा असेल तर

समजा, एक ताई वह्या घरीच ठेवते. मागितल्या की म्हणते, “माझ्यावर विश्वास नाही का?” इथे नातं सांभाळायचं म्हणून गप्प बसू नका. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित नोंदी ही आपली पंचसूत्री आहे. वहीच दिसली नाही तर बाकीची चार सूत्रं पाळली की नाही, हे कोणाला कळणार?

विषय बैठकीत घ्या, पण नाव घेऊन नको. सगळ्यांना लागू होईल असा ठराव करा: “प्रत्येक बैठकीला सगळ्या वह्या टेबलावर असतील. रोख रक्कम दोघींसमोर मोजली जाईल.” ठराव इतिवृत्तात लिहा, मोठ्याने वाचून दाखवा, सह्या-अंगठे घ्या. पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच विचारा. तरीही वह्या आल्या नाहीत, तर प्रभागसंघाला लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या.

अध्यक्षताईच ऐकत नसतील तर एकटीने जाऊ नका. दोघी-तिघी मिळून जा आणि नियमावली सोबत ठेवा. पदाधिकारी कधी बदलायचे, सही कोणाकोणाची लागते, हे त्यात बघा.

३. त्रास छळाचा असेल तर

इथे जुळवून घ्यायचं नाही. नको असलेला स्पर्श, घाणेरडं बोलणं, मोबाईलवर अश्लील काही दाखवणं, कामाच्या बदल्यात भलती मागणी करणं, हा लैंगिक छळ आहे. त्याविरुद्ध 2013 चा कायदा आहे आणि बाईची तिथे पगारी नोकरी नसली तरी तो लागू होतो. जिथे 10 किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तक्रार घटनेपासून 3 महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. उशिराला योग्य कारण असेल तर समिती आणखी 3 महिने वाढवून देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला समितीनेच मदत करायची असते. तारीख, जागा, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी टिपून ठेवा.

अनुसूचित जाती-जमातीच्या ताईला दुसऱ्या समाजाच्या माणसाने चारचौघांत जातीवरून हिणवलं, तर 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलिसांत तक्रार देता येते. “जाऊ दे ताई, आपलंच माणूस आहे,” असं म्हणून तिला गप्प बसवू नका. तिच्यासोबत जा.

येत्या बैठकीत एवढं करा

कामाच्या वाटणीचा कागद तयार करा आणि वह्यांचा ठराव लिहा. आणि गेल्या काही महिन्यांत ऑफिसात यायची बंद झालेली कोणी ताई असेल, तर दोघी जणी तिच्या घरी जाऊन या. “का येत नाही?” असा जाब विचारू नका. “काय झालं होतं?” असं विचारा आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐका.

— तुमची क्षेत्र समन्वयक