घारापुरीचा विसरलेला स्तूप

वर्षावास सुरू झाला की विहारात ग्रंथवाचन सुरू होते. अशाच एका संध्याकाळी विद्यार्थ्यांनी आम्हांस विचारले, "आपल्या रायगड जिल्ह्यात पूर्वी भिक्खू वर्षावास कोठे करीत असत?" कुडा, गांधारपाले, ठाणाळे, कोंडाणे ही नावे चटकन पुढे आली. घारापुरीचे नाव कोणीच घेतले नाही. वास्तविक घारापुरी बेट आपल्या शेजारच्या उरण तालुक्यातले, आणि पनवेलची खाडी ज्या समुद्रात मिळते त्याच समुद्रातले.

घारापुरी म्हटले की लोकांना त्रिमूर्ती आठवते. मुंबईहून लाँचने येणारा प्रवासी पायऱ्या चढतो, मोठे लेणे पाहतो, छायाचित्र काढतो आणि परततो. पण बेटावर टेकड्या दोन आहेत. पश्चिमेच्या टेकडीवर शैव लेणी आहेत, ती पाच. मधली दरी ओलांडून पूर्वेच्या टेकडीवर गेले की विटांचा एक मोठा उंचवटा दिसतो. तो बौद्ध स्तूप होय. त्याच टेकडीच्या अंगावर दगडात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. जुन्या शिलालेखांत अशा टाक्यांना 'पोढी' म्हटलेले आढळते. बेटावर वस्ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून होती असे अभ्यासक मानतात. मोठे शैव लेणे मात्र इसवी सनाच्या सहाव्या शतकातले. म्हणजे या बेटावर भिक्खूंचे पाऊल त्रिमूर्तीच्या कितीतरी आधी पडले.

बेटावर वर्षावास कसा शक्य होता, हे समजण्यासाठी विनयाचे नियम पाहावे लागतात. आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने भिक्खूने एका ठिकाणी राहावयाचे. भर पावसात फिरणारे भिक्षू हिरवे अंकुर आणि बारीक जीव तुडवितात अशी लोकांची तक्रार आली, तेव्हा तथागतांनी हा नियम केला. झाडाच्या ढोलीत किंवा छत्रीखाली वर्षावास करू नये असेही सांगितले. मात्र व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर आणि नावेत वर्षावास करण्याची परवानगी दिली. हे वाचून आम्हांला आश्चर्य वाटले होते. नावेत चालतो, तर बेटावर का नाही?

अडचण पाण्याची आणि अन्नाची. चारही बाजूंनी समुद्र, पण पिण्यास थेंब नाही. म्हणून टाकी खोदली. अन्नाचे तसे करता येत नाही. भिक्खूने अन्न साठवून ठेवावयाचे नाही, रोज मिळेल ते माध्यान्हीपूर्वी घ्यावयाचे. आणि कोकणात आषाढ लागला की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, त्या नारळी पौर्णिमेपर्यंत. तेव्हा भिक्षा घालणारी घरे बेटावरच असली पाहिजेत. ती होती. आजही शेतबंदर, मोरबंदर, राजबंदर अशी तीन गावे तेथे आहेत आणि तिन्ही नावांत 'बंदर' आहे. मोरबंदराच्या किनाऱ्यावर रोमन बनावटीच्या दोन कानांच्या कुंभांची खापरे सापडली आहेत. दूरदेशीचा माल येथे उतरत होता. कान्हेरीच्या लेखांत कल्याण आणि सोपाऱ्याच्या उपासकांची दाने नोंदलेली आहेत. त्याच किनाऱ्यावरील हेही एक बंदर.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कोणास रुचो न रुचो. आपल्या काही सभांतून असे सांगितले जाते की घारापुरीची सर्व लेणी मूळची बौद्धच. आम्ही बँकेत कारकुनी करतो. पावती नसेल तर रक्कम जमा धरावयाची नाही, ही आमची सवय. मोठ्या लेण्याची रचना आणि त्यातील शिल्पे प्रारंभापासून शैव आहेत. तेथील एक शिलालेख पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालला पाठविला, तो पुढे हरवला. म्हणून कोणी खोदविले हा वाद चालू आहे, पण कोणत्या पंथाचे हा वाद नाही. पूर्वेच्या टेकडीवरील सहावे लेणे 'सीताबाईचे देऊळ' म्हणून ओळखले जाते. पोर्तुगीज अमलात तेथे चर्च होते असे सांगतात. ते मुळात कोणाचे यावर मतभेद आहेत. सातवे लेणे तर अपुरेच राहिले. म्हणजे कान्हेरीसारखी शंभरावर लेण्यांची वस्ती येथे नव्हती. थोडे भिक्खू, काही टाकी, एक स्तूप. एवढे आपल्या खात्यावर नक्की जमा आहे, आणि ते थोडे नाही. खोटी नोंद घातली की खरी नोंदही संशयाने पाहिली जाते.

बेटावर पोर्तुगीजांना दगडी हत्ती दिसला, म्हणून त्यांनी 'एलिफंटा' नाव ठेवले. तो हत्ती नंतर मोडला आणि मुंबईला नेला गेला; आज भायखळ्यास जिजामाता उद्यानाच्या आवारात उभा आहे. १९८७ साली युनेस्कोने लेण्यांना जागतिक वारसा ठरविले, त्या नोंदीत पूर्वेच्या टेकडीवरील स्तूपाचाही उल्लेख आहे. तरी पायवाटेने पुढे जाणारा शंभरात एखादाच.

ज्या विद्यार्थ्यांना जावयाचे असेल त्यांनी सोमवार टाळावा, त्या दिवशी लेणी बंद असतात. गेट वेहून लाँचला साधारण तास लागतो. लेण्यांपाशीच दिवस घालवू नये. रखवालदाराला विचारून सकाळीच पूर्वेची टेकडी गाठावी. पाणी बरोबर घ्यावे, आणि स्तूपाच्या विटेचा तुकडा आठवण म्हणून पिशवीत घालून आणू नये.