श्योकच्या काठावरचे दोन उस्ताद

आपल्याकडे शिक्षकांच्या बदल्यांचा विषय निघाला की ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा शब्द हमखास कानावर येतो. आम्ही दोघेही शिक्षक. लग्नानंतरची सहा वर्षे आम्ही दोन तालुक्यांत काढली. म्हणून गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत लडाखला गेलो तेव्हा अशाच एका शिक्षक जोडप्याच्या घरी राहण्याचा योग आला, याचे मला फार अप्रूप वाटले.

लेहहून सुमारे साडेसतरा हजार फूट उंचीचा खारदुंग ला ओलांडायचा, नुब्रा खोऱ्यात उतरायचे आणि श्योक नदीच्या काठाकाठाने उत्तरेकडे जात राहायचे. सुमारे दोनशे किलोमीटरवर तुर्तुक येते. तुर्तुक, त्याक्षी, चालुंका आणि थांग ही गावे डिसेंबर १९७१ च्या युद्धापर्यंत पाकिस्तानच्या ताब्यातील बाल्टिस्तानात होती. युद्धात ती भारताकडे आली. लोक आपल्याच घरात राहिले, देश मात्र बदलला. कुणाचा भाऊ, कुणाची मुलगी ताबारेषेच्या पलीकडे राहिली. २०१० पर्यंत पर्यटकांना इकडे येण्याची परवानगी नव्हती.

आमच्या यजमानांचे गाव याच पट्ट्यात आहे. नोकरदार माणसे, म्हणून त्यांचे आणि गावाचे नाव लिहीत नाही. गाव त्यांना मास्टरजी आणि मॅडम म्हणते, मीही तेच म्हणते. मास्टरजी याच मातीतले बाल्टी. मॅडम कारगिलकडच्या. लग्नानंतर चार वर्षे दोघांच्या शाळा वेगवेगळ्या गावांत होत्या. मग मॅडमची बदली इथे झाली. आता दोघे एकाच शाळेत शिकवतात.

फजरपासून इशापर्यंत

दिवस फजरला सुरू होतो. नमाज झाली की मॅडम चूल पेटवतात. नमकीन चहा होतो, कुट्टूच्या पिठाची धिरडी होतात. मास्टरजी फावडे घेऊन पाटाचे पाणी शेतात वळवायला जातात. इथे पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि पाळी चुकली तर उस्तादालाही माफी नाही. जूनमध्ये जव हिरवेगार उभे होते. ते निघाले की त्याच शेतात कुट्टू पेरतात. जर्दाळू अजून कच्चे होते. ते पिकले की प्रत्येक गच्चीवर वाळवण पडते, बियांचे तेल निघते. लोणी आणि मांस ठेवायला दगडाची थंड कोठी असते. दगडांच्या फटींतून गार हवा आत खेळत राहते. तिला नांगचुंग म्हणतात. वीज गेली तरी या फ्रीजचे काही बिघडत नाही!

आपल्याकडे सुट्टी असली तरी तिकडे शाळा भरलेली होती. त्यांची मोठी सुट्टी थंडीत असते. मॅडमनी मला वर्गात नेले. मुले घरी बाल्टी बोलतात. ही लडाखी आणि तिबेटीच्या कुळातली भाषा. शाळेत उर्दू आणि इंग्रजी. २०२५ साली लडाखच्या अधिकृत भाषा ठरल्या: इंग्रजी, हिंदी, उर्दू, भोटी आणि पुर्गी. बाल्टी त्यांत नाही. मॅडम प्रत्येक धडा आधी बाल्टीत समजावतात, मग उर्दूत. त्या स्वतः ही बोली सासूकडून शिकल्या. घरात दालदी, कोकणी किंवा दखनी आणि शाळेत वेगळीच भाषा, हे आपल्या मुलांनाही नवे नाही. पहिलीतले मूल गप्प बसते ते ‘ढ’ असते म्हणून नव्हे, त्याला शब्द ओळखीचा नसतो म्हणून, हे मी वीस वर्षे पाहत आले आहे.

मी कोकणातली आहे कळताच मुलांनी समुद्राबद्दल विचारले. एका मुलीचा प्रश्न होता, “आमचे पाणी तुमच्याकडे येते का?” मी नकाशा उघडला. श्योक ताबारेषा ओलांडून बाल्टिस्तानात जाते, सिंधूला मिळते आणि सिंधू अरबी समुद्राला. रत्नागिरीचा समुद्रही तोच. वर्ग एकदम शांत झाला. मग मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “म्हणजे पाणी आधी माझ्या आजोबांच्या भावाकडे जाते.”

जेवणानंतरचा वाद

तिसऱ्या रात्री जेवणानंतर घरात ताण जाणवला. मुलगी नुकतीच आठवी झाली होती. त्यांची शाळा तिथेच संपते. दोघांनाही लेहजवळ बदली मिळण्यासारखी होती. मला वाटले, बाहेरून आलेल्या मॅडम जायला उत्सुक असतील. झाले उलटेच. जायचे होते मास्टरजींना.

“बाजी, ही दीड वर्षाची होती,” ते मला म्हणाले. “थंडीत ताप चढला. बर्फाने रस्ता बंद. दोन रात्री आम्ही तिला छातीशी धरून बसलो. फौजेचे डॉक्टर आले म्हणून वाचली. अल्लाहचा शुक्र. ती रात्र मी विसरू शकत नाही. मला तिच्यासाठी मोठी शाळा हवी, दवाखाना हवा. यात गुन्हा काय?”

मॅडम भांडी आवरत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “गुन्हा नाही. पण मी घरोघर जाऊन सांगितले, मुलींना आठवीनंतर थांबवू नका, गाडीने तुर्तुकच्या शाळेत पाठवा. या वर्षी चौघींचे आई-वडील तयार झाले. आपण आपली मुलगी लेहला नेली तर ते माझे शब्द ऐकणार नाहीत, माझे सामान बांधलेले बघतील.”

कुणीच बोलले नाही. मुलगी दारात उभी राहून सगळे ऐकत होती. तिला कुणी विचारलेच नव्हते. माझ्या पतींनी तिला जवळ बोलावून विचारले. ती म्हणाली, “मला चौघींबरोबर जायचे आहे. पण अब्बूंनी रोज काळजी करायची नाही.” मास्टरजी उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळाने परतले आणि इशाची जमात उभी राहिली.

परतल्यावर चार महिन्यांनी फोन झाला. बदलीचा अर्ज त्यांनी केला नाही. निर्णय दहावीपर्यंतचाच आहे. पाच मुली एका गाडीने जातात. बर्फ पडल्यावर कसे होईल याची मास्टरजींना अजून चिंता आहे आणि ती खोटी नाही. जबरदस्त हिमवर्षावात त्या मुलींनी तुर्तुकलाच एका नातेवाइकाकडे राहावे, असे ठरले आहे. पुढे लेह, इन्शाअल्लाह.

आपल्या वाड्या-मोहल्ल्यांतही आठवीनंतर शाळा दुसऱ्या गावात आहे, एवढ्याच कारणाने मुली घरी बसतात. आईबापाची भीती खरी असते. तिच्यावर भाषण हा उपाय नाही. सोबत चार मुली असाव्यात, ओळखीची गाडी असावी आणि अडचणीच्या रात्री उघडे असणारे एक दार असावे. जून उजाडण्याआधी आपल्या मोहल्ल्यात हे तिन्ही जमवता येईल का, एवढे या महिन्यात घराघरांत बसून बोलूया.