शेवाळाचा हिशोब

तुमच्या घरी खाऱ्या पाण्याचा टँक असेल, तर हे दृश्य तुमच्या ओळखीचं असेल. सुरुवातीचे काही महिने सगळं चकाचक असतं. पांढरी वाळू, जांभळट खडक, दोन-चार मासे, आणि येईल त्या पाहुण्याला टँकसमोर नेऊन उभे करणारे आपण. मग एक दिवस खडकाच्या कोपऱ्यावर हिरवी लव दिसते. आपण म्हणतो, छान दिसतंय की, अगदी समुद्रातल्यासारखं! तीन आठवड्यांत त्या लवेचे केस होतात आणि महिन्याभरात प्रवाळ त्या केसांखाली दिसेनासं होतं.

सॅन डिएगोतल्या आमच्या १५० लिटरच्या टँकचं हेच झालं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर ती म्हणाली, "अगं, पावसाळ्यात मागच्या अंगणात येतं तसंच आहे हे. खराट्याने घास, नाहीतर ब्लीचिंग पावडर टाक." मी हसले. मी पेशाने बायोकेमिस्ट, मला काय ब्लीचिंग पावडर सांगतेस! पण नंतर मी जे केलं, ते त्याहून फार वेगळं नव्हतं.

मी शेवाळ मारायचं औषध आणलं आणि बाटलीवर लिहिलेली मात्रा काटेकोर मोजून घातली. दोन दिवसांत शेवाळ करडं पडलं. मी खूश. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठले, तर आमची चकली पाण्याच्या वरच्या थराशी तोंड लावून धापा टाकत होती आणि लाडू तळाला आडवा पडला होता. दोघं क्लाउनफिश. नावं माझ्या सहा वर्षांच्या मुलीने ठेवलेली. बॅटरीवरचा हवेचा पंप लावून चकली वाचली. लाडूचं काय झालं, हे सकाळी मुलीला मलाच सांगावं लागलं.

काय घडलं होतं, ते कळायला फार वेळ लागला नाही. २५ अंश तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात, हवेशी समतोल असताना, लिटरमागे जेमतेम ७ मिलीग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. सगळं शेवाळ एकदम मेलं की त्यावर जिवाणू तुटून पडतात आणि ते कुजवताना हा ऑक्सिजन वापरतात. दिवसा जिवंत शेवाळ प्रकाशसंश्लेषणाने ऑक्सिजन देत असतं. रात्री तेही नाही, आणि माशांचा श्वास तर चालूच. म्हणून असे अपघात पहाटेच्या आधी होतात, आपण झोपलेलो असताना.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. महिन्याभरात शेवाळ परत आलं, आणि आधीपेक्षा दाट. साहजिकच होतं. मेलेल्या शेवाळातलं सगळं खत पाण्यातच तर उरलं होतं!

आता तुम्ही विचाराल, खत आलं कुठून? मीही हेच विचारत होते, कारण औषध घालण्याआधी मी पाणी तपासलं होतं. फॉस्फेट शून्य, नायट्रेट शून्य. टँक पाळणारे निम्मे लोक इथेच फसतात. टेस्ट किट फक्त पाण्यात विरघळलेलं फॉस्फेट मोजतं. शेवाळाने खाऊन टाकलेलं त्याला दिसत नाही. महिनाअखेरीस बँकेत शून्य शिल्लक दिसली, म्हणून त्या महिन्यात पगारच झाला नव्हता असं म्हणाल का?

मग मी आवक मोजली. माशांना आम्ही किती खायला घालतो? मी म्हटलं, एक चिमूट. नवरा म्हणाला, मी पण संध्याकाळी एक चिमूट घालतो. मुलगी हळूच म्हणाली, शाळेतून आल्यावर मीही घालते. तीन चिमट्या काट्यावर ठेवल्या, तर एक ग्रॅम भरल्या. सुक्या खाद्यात साधारण १ टक्का फॉस्फरस धरू. म्हणजे रोज १० मिलीग्रॅम फॉस्फरस, फॉस्फेटच्या रूपात ३० मिलीग्रॅम. पूर्ण वाढलेल्या माशाच्या अंगात त्यातलं फारसं राहत नाही, बहुतेक विष्ठेतून आणि लघवीतून बाहेर पडतं. १५० लिटरमध्ये ३० मिलीग्रॅम म्हणजे लिटरला ०.२ मिलीग्रॅम. प्रवाळभित्तींच्या आसपासच्या स्वच्छ समुद्रात हे प्रमाण ०.०२ च्या घरात असतं. आम्ही रोज त्याच्या दहापट ओतत होतो.

आता यावर शेवाळ किती पोसलं जाईल? आल्फ्रेड रेडफिल्ड या शास्त्रज्ञाने १९३४ साली दाखवून दिलं की समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमध्ये कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं प्रमाण ठरावीक असतं. आज आपण ते १०६:१६:१ असं लिहितो. पण खडकाला चिकटून वाढणारं शेवाळ जास्त काटकसरी असतं. १९८३ साली अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ यांनी जगभरातल्या सागरी वनस्पती आणि शेवाळांचं मध्यम प्रमाण काढलं, ते ५५०:३०:१ आलं. म्हणजे फॉस्फरसच्या एका अणूमागे कार्बनचे ५५० अणू! कार्बन तर हवेतून आणि पाण्यातून हवा तेवढा मिळतो. गणित मांडलं तर १० मिलीग्रॅम फॉस्फरसवर दोन ग्रॅमहून अधिक कार्बन बांधला जातो. वाळलेल्या शेवाळाचा एक तृतीयांश भाग कार्बन धरला, तर एक ग्रॅम खाद्यावर सहा ग्रॅम वाळलेलं शेवाळ. ओलं असताना त्याच्या कितीतरी पट. आणि हे दररोज.

हे आकडे कागदावर मांडले, तेव्हा मी दर रविवारी १० टक्के पाणी बदलत होते त्याचा उपयोग का होत नव्हता, तेही कळलं. पाणी बदलून पाण्यातलंच खत बाहेर जातं. आमच्या पाण्यात तर शून्य होतं. माल सगळा शेवाळात साठलेला.

आवकेचा आणखी एक चोरदरवाजा सापडला. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी मी नळाखाली बादली धरून भरत होते. वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, बाकी सगळं मागे साठत जातं. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी तर जुन्या पाइपांमधलं शिसं पाण्यात उतरू नये म्हणून नळाच्या पाण्यात मुद्दाम फॉस्फेट मिसळतात. पिण्यासाठी ते ठीक, टँकसाठी नाही. टँकला आरओचं पाणीच हवं.

आता जावक. समुद्रात शेवाळाची मोठी जावक म्हणजे शेवाळ खाणारे प्राणी. १९८३ च्या सुरुवातीला पनामाच्या किनाऱ्याजवळ डायाडेमा नावाचे लांब काट्यांचे काळे सी अर्चिन मरू लागले. वर्षभरात रोग कॅरिबियनभर पसरला आणि ९० टक्क्यांहून अधिक अर्चिन गेले. जमैकात शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीने आधीच संपत आले होते, अर्चिन हा शेवटचा माळी होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या प्रवाळभित्तींचा ५० टक्क्यांहून अधिक भाग जिवंत प्रवाळाने झाकलेला होता. वादळं आणि शेवाळ मिळून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तो ५ टक्क्यांखाली आला. आमच्या बैठकीच्या खोलीत जे चाललं होतं, त्याचीच ही मोठी आवृत्ती.

दुसरी वाट वॉल्टर एडी या स्मिथसोनियन संस्थेतल्या शास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास दाखवली. शेवाळ वाढणारच असेल, तर ते आपण ठरवू त्या जागी वाढू द्या. टँकचं पाणी एका जाळीवरून सोडायचं, त्या जाळीवर मुख्य टँकपेक्षा प्रखर दिवा लावायचा, आणि दर आठवड्याला जाळी खरवडून शेवाळ फेकून द्यायचं. खरवडलेल्या प्रत्येक मुठीबरोबर फॉस्फरस घराबाहेर!

आम्ही शेवटी काय केलं ते सांगते. खाद्य दिवसाला एकच चिमूट, आणि ती घालण्याचा मान मुलीचा. वर भरायला आरओचं पाणी. दर रविवारी पंप बंद करून, हाताने उपटलेलं शेवाळ लगेच नळीने ओढून बाहेर, म्हणजे तुकडे इतरत्र जाऊन रुजत नाहीत. सहा टर्बो शंखी. टँकच्या मागे जाळी आणि दिवा. फरक दिसायला चार महिने लागले, कारण टँकमधले खडक चुनखडीचे असतात. आधी शोषलेलं फॉस्फेट ते हळूहळू परत सोडत राहतात. दोन महिन्यांनी तुमचा धीर सुटला, तर हे आठवा.

एक इशारा मात्र देते. फॉस्फेट आणि नायट्रेट खरोखरच शून्यावर आणायचा हट्ट धरू नका. प्रवाळालाही ते थोडं लागतं. आणि उपाशी टँकमध्ये शेवाळाच्या जागी डायनोफ्लॅजेलेट्स येतात. तपकिरी, बुडबुड्यांनी भरलेली, शेंबडासारखी चिकट साय. त्यातल्या काही जाती विषारी असतात आणि त्या खाऊन शंखी मरतात. फॉस्फेट ०.०३ ते ०.१, नायट्रेट ५ च्या आसपास, एवढं असू द्या.

आणि उपटलेलं शेवाळ गटारात किंवा समुद्रात टाकू नका. आमच्या घरापासून तासाभराच्या आत कार्ल्सबाड गाव आहे. तिथल्या खाडीत जून २००० मध्ये कॉलेर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यालयांत वाढवलं जाणारं शेवाळ सापडलं. भूमध्य समुद्रात त्याने आधीच धुमाकूळ घातला होता. ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून ते मारावं लागलं. निर्मूलन झाल्याचं २००६ साली जाहीर झालं, तोवर ७० लाख डॉलरच्या आसपास खर्च झाला होता. आम्ही आमचं शेवाळ पिशवीत घालून दिवसभर फ्रीजरमध्ये ठेवतो आणि मग कचऱ्यात टाकतो.

आज टँकच्या मागच्या काचेवर अजून थोडं हिरवं आहे. मी ते मुद्दाम ठेवलंय, शंखींना खायला काहीतरी हवं. चकलीला नवा जोडीदार आणलाय. नाव ठेवायला मुलीने आठवडाभर वेळ मागितला आणि मग शंकरपाळी ठरलं. रोज संध्याकाळी ती चिमूट घालते आणि डब्याचं झाकण घट्ट लावून मला दाखवते.