पापडखिंडीचं पाणी

विरार पूर्वेला, जीवदानीच्या डोंगरालगतच्या फुलपाड्यात पापडखिंड धरण आहे. महानगरपालिकेच्या हिशेबात त्याचा वाटा दिवसाला जेमतेम १ दशलक्ष लिटर धरला जात आला. माणशी १३५ लिटरचा शहरी निकष लावला, तर एवढ्यात साडेसात हजार लोकांचंही भागत नाही. २०११च्या जनगणनेतच वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांवर होती. म्हणजे दर्यात खसखस. तरीही विरारने या धरणावरचा हक्क आणि त्याची राखण सोडू नये, असं माझं मत आहे. आणि त्याचं कारण वसई तालुक्याच्या अर्थकारणात आहे.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे लोकल सुटली, तेव्हापासून विरारची कमाई रुळांवरून होते, पण पाणी इथलंच होतं. वसईच्या पश्चिम पट्ट्यात विहिरी आणि बावखलं होती. पावसाचं पाणी बावखलात साचायचं, जमिनीत मुरायचं आणि त्यावर केळी, पानवेली, फुलबागा उभ्या राहायच्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हा पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला, विहिरींचं पाणी टँकरने नव्या इमारतींकडे निघालं, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो व हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध आवाज उठवला. बागायतदाराचं पाणी विकलं जातं तेव्हा त्याची बागही हळूहळू विकली जाते, हे या लढ्याने ओळखलं. २००९ साली चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून महानगरपालिका झाली. कारभार एकवटला, पाण्याची भिस्त मात्र दूरच्या सूर्या प्रकल्पावर गेली.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, सूर्याचं पाणी शेकडो दशलक्ष लिटरमध्ये येतं, मग डोंगराकडेच्या या तळ्यासाठी पहारे, कुंपणं, गाळ उपसणं कशाला? हिशेब म्हणून हे बरोबर आहे. पण सूर्याचं धामणी धरण मुळात डहाणू, विक्रमगड, पालघरच्या शेतीच्या सिंचनासाठी बांधलेलं. शहर जितकं जास्त घेतं तितकं आदिवासी शेतकऱ्याच्या कालव्यात कमी पडतं, आणि त्यावरून आंदोलनंही झाली आहेत. आपल्या दारचं पाणी सांभाळायचा कंटाळा करणाऱ्या शहराने दुसऱ्याच्या शेतावरचं मागावं, हे मला पटत नाही. शिवाय सूर्याच्या जलवाहिनीत बिघाड झाला की विरारमध्ये टँकरची चलती होते. त्या दिवसांत १ दशलक्ष लिटरला वेगळी किंमत येते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. याच काठावर छठपूजा भरत आली आणि पिण्याच्या पाण्याच्या कारणाने तिला झालेला विरोध काहींना परप्रांतीयांवरचा राग वाटतो. तसा राग काहींच्या मनात असेलही. म्हणूनच नियम सगळ्यांना सारखा हवा: पूजा असो, गणेशविसर्जन असो वा कपडे धुणं, पिण्याच्या पाण्यात काहीच नको. भाविकांना मात्र नुसती मनाई हाती देऊन चालणार नाही, जवळच कृत्रिम तलाव बांधून द्यायला हवेत. त्याहून कठीण काम पाणलोटात आहे. डोंगरउतारावर चढत जाणाऱ्या चाळींचं सांडपाणी वर्षातले ३६५ दिवस वाहतं, सण मोजक्या दिवसांत उरकतो. पालिकेने आधी मोजायला हवं ते हे सांडपाणी.