इस्नाद ते निबंध: अमेरिकेतल्या इस्लामी शाळांमधला इतिहास

अमेरिकेत नातवंडं असलेल्या मराठी आजी-आजोबांच्या कानावर ‘डीबीक्यू’ (डॉक्युमेंट-बेस्ड क्वेश्चन, म्हणजे दस्तऐवजांवर आधारलेला प्रश्न) हे नाव कधीतरी पडलं असेल. शाळकरी मुलांसाठी कॉलेजच्या तोडीची ‘एपी’ परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या इतिहास परीक्षेतला हा प्रश्न १९७३ साली पहिल्यांदा आला. सात दस्तऐवजांचे उतारे समोर ठेवतात. ते वाचून, त्यांच्या आधारे स्वतःचा मुद्दा मांडून तासाभरात निबंध लिहायचा. परीक्षेचे पंचवीस टक्के गुण यावर असतात. नुसत्या सनावळ्या पाठ असून भागत नाही. हे कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, त्यात त्याचा हेतू काय, हे विचारावं लागतं.

इस्लामी शाळांतली मुलंही ही परीक्षा देतात. नेशन ऑफ इस्लाम या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संघटनेच्या क्लारा मुहम्मद यांनी १९३० च्या दशकात डेट्रॉइटमध्ये मुलांना स्वतः शिकवायला सुरुवात केली, आणि सरकारी शाळा सोडवल्याबद्दल त्या मंडळींना कोर्टकचेऱ्या सोसाव्या लागल्या. त्यांच्या नावाच्या शाळा आजही चालतात. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आलेल्या कुटुंबांनी पुढे आपल्या शाळा काढल्या. कुराण आणि अरबीच्या जोडीला तिथे गणित, विज्ञान, इतिहास हे नेहमीचे विषय असतात.

या शाळांबद्दल मला कुतूहल आहे ते हदीसच्या तासामुळे. हदीस म्हणजे पैगंबरांचं वचन; ते कोणी कोणाकडून ऐकलं, त्या साखळीला इस्नाद म्हणतात. नवव्या शतकात हदीसचे संग्राहक बुखारी यांनी असंख्य वचनं अशी पारखली. सांगणारा सचोटीचा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, दोघांची भेट तरी शक्य होती का, हे तपासणारी वेगळी विद्याशाखाच उभी राहिली. इतिहासकार इब्न खल्दून १३७७ च्या ‘मुकद्दिमा’त आणखी पुढे गेला. मूसाच्या (मोझेसच्या) फौजेत सहा लाखांहून अधिक माणसं होती, असं जुने इतिहासकार सांगत. एवढी फौज मावणार कुठे आणि लढणार कशी, असा त्याचा सवाल होता. सांगणाऱ्याची पारख नंतर करा, आधी गोष्ट शक्य आहे का ते पाहा, असं त्याचं म्हणणं.

म्हणजे कागद तपासण्याची सवय या मुलांच्या घरचीच आहे. तरी निबंध आपोआप जमत नाही. हदीसची पारख साक्षीदाराच्या विश्वासार्हतेवर उभी आहे. तो अविश्वासू ठरला की वचन बाजूला पडतं. इतिहासाला मात्र पक्षपाती साक्षीदारही चालतो. आपला मोगल इतिहासकार खाफीखान घ्या. शिवाजी महाराजांचा तो कट्टर निंदक, आणि तरीही मशीद, कुराण व स्त्रियांना हात लावू नये अशी महाराजांची सक्त ताकीद होती, हे तोच नोंदवतो. निंदकाची म्हणूनच ती साक्ष मोलाची.

अशा वर्गासाठी सर्वांत सुंदर कागद मला ओमर इब्न सईदचा वाटतो. आजच्या सेनेगलमधल्या फुता तोरोचा हा विद्वान १८०७ साली गुलाम म्हणून चार्ल्स्टनला आणला गेला. १८३१ मध्ये त्यानं अरबीत आत्मचरित्र लिहिलं. त्यात मालकाची स्तुती आहे, ख्रिस्ती प्रार्थना करतो अशी कबुली आहे. पण सुरुवात आहे ती कुराणातल्या ‘मुल्क’ या सूरेनं, म्हणजे अध्यायानं, ज्यात सारी सत्ता अल्लाहची आहे. ओमर लपून मुसलमानच राहिला, असं ठरवण्याचा मोह मुलांना होणारच. चांगल्या शिक्षकानं तिथेच अडवावं: हा कागद एवढं सांगतो का? श्रद्धेला हात न लावता हा प्रश्न विचारता येतो, आणि तोच अवघड भाग आहे.

खरी अडचण मला अभिमानाची वाटते. कॉलेज बोर्डानं २०१८ मध्ये एपीतला जगाचा इतिहास १४५० पासून सुरू करायचं ठरवलं. शिक्षकांनी ओरड केल्यावर तो १२०० वर आला. बगदादच्या अब्बासी खलिफांच्या भरभराटीची शतकं त्यामुळे कक्षेबाहेर गेली आणि १२५८ चा बगदादचा विध्वंस तेवढा आत राहिला. इस्लामी शाळांनी ती शतकं जरूर शिकवावीत, पण अभिमानापोटी सुवर्णयुगाचा पोवाडा गाऊ नये. झंज गुलामांचा नवव्या शतकातला उठावही त्याच काळातला आहे.

डीबीक्यूलाही मर्यादा आहेत. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी कागदांसाठी गावोगावची दप्तरं पालथी घातली. इथे दुसऱ्यानं निवडलेले तुकडे आयते हाती येतात. तरीही धड्याखालच्या ‘कारणे द्या’पेक्षा हे शंभर पटींनी बरं. ओमरचं हस्तलिखित लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर २०१९ पासून सर्वांना खुलं आहे. वाचकांत कोणी इतिहासाचे शिक्षक असतील, तर त्यांनी आपल्या नववीच्या वर्गात ते एकदा वाचून पाहावं.